वाढत्या पिल्लाचे लंगडणे आणि यवतमाळचा एक दवाखाना

रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांच्यापासून कपाशी-तूर राखायला सोबत हवी म्हणून आम्ही आर्णी तालुक्यातील आमच्या शेतावर जर्मन शेफर्डचे पिल्लू आणले आणि त्याचे नाव वाघ्या ठेवले. सहाव्या महिन्यात ते पुढच्या उजव्या पायाने लंगडू लागले. सकाळी उठताना पाय आखडलेला असे, थोडे चालल्यावर मोकळा होई आणि मुलांच्या मोटारसायकलमागे धुऱ्याने धावून आले की संध्याकाळी ते पाय टेकवीतच नसे. वाढीचे दुखणे आहे, आपोआप जाईल, असे गावातल्या जाणत्यांनी सांगितले. जवळच्या औषध दुकानाने न विचारताच कॅल्शियमची बाटली हाती दिली, आणि पिल्लांचा तयार आहार सुरू असतानाही आम्ही ती महिनाभर पाजली. लंगडणे वाढतच गेले.

शेवटी छोटा हत्ती भाड्याने घेऊन आम्ही चाळीसेक किलोमीटरवरच्या यवतमाळला, कुत्र्या-मांजरांच्या एका खासगी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांची तपासण्याची पद्धत मला फार मोलाची वाटली. त्यांनी वाघ्याला टेबलावर न घेता आधी समोरच्या सिमेंट रस्त्यावर दोनदा चालवून पाहिले आणि दुखरा पाय टेकताना त्याची मान वर उचलली जाते, हे आम्हाला दाखवले. मग पंजापासून एकेक सांधा दाबत ते खांद्यापर्यंत आले. पाय पुढे ताणताच, इतका वेळ त्यांचा हात चाटणाऱ्या वाघ्याने अंग चोरून तोंड फिरवले. दोन्ही बाजूंना असा दोष अनेकदा असतो म्हणून त्यांनी दोन्ही खांद्यांचे एक्स-रे काढले. उजव्या खांद्यात हाडाच्या गोल डोक्याची मागची कड चपटी दिसत होती, थापलेल्या भाकरीची कड एका जागी दाबली जावी तशी.

या विकाराला ऑस्टिओकाँड्रोसिस म्हणतात. कूर्चेचे, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या मऊ, लवचीक थराचे, हाडात रूपांतर होण्याचे काम एखाद्या जागी अडते आणि तिथली कूर्चा जाड होत जाते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसून सांध्यातील द्रवातून पोषण मिळत असल्यामुळे खालचा थर उपाशी राहून मरतो आणि पुढे तिचा पापुद्रा सुटू शकतो. मोठ्या, झपाट्याने वाढणाऱ्या जातींत हा विकार साधारणपणे ४ ते ८ महिन्यांच्या वयात दिसू लागतो. आनुवंशिकता हे एक कारण आहेच, पण अति खाऊ घालणे आणि वरचे कॅल्शियम हीही कारणे आहेत, कारण कोवळ्या वयात पिल्लाच्या आतड्यांना जास्तीचे कॅल्शियम पुरेसे अडवता येत नाही. हे ऐकताना आमची ती बाटली डोळ्यांसमोर आली आणि फार वाईट वाटले.

पापुद्रा सुटल्याची लक्षणे दिसत नसल्याने डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची घाई केली नाही. सहा आठवडे साखळीवर विश्रांती, मोजून आहार, कॅल्शियम बंद आणि वजनानुसार मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक एवढेच त्यांनी सांगितले. माणसांची आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी कुत्र्याला घातक ठरू शकते, म्हणून घरातली वेदनाशामके देऊ नका, हे त्यांनी दोनदा बजावले. गुण न आल्यास नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवावे लागेल, हेही त्यांनी आधीच स्पष्ट केले.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. एक्स-रेसाठी गुंगी द्यावी लागते आणि पिल्लू उपाशी असावे लागते, हे फोनवर कोणी सांगितले नाही. सकाळी दूध-भाकर खाऊन आलेल्या वाघ्याला घेऊन आम्हाला संध्याकाळपर्यंत थांबावे लागले आणि गाडीचे भाडे वाढले. शिवाय बिलावर एकच आकडा होता. तपासणीचे किती, एक्स-रेचे किती आणि औषधाचे किती, हे विचारल्यावरच कळले. दुरून येणाऱ्या शेतकऱ्याला हा हिशेब आधी कळायला हवा.

सातव्या आठवड्यात वाघ्या चारही पायांवर सारखा भार देऊन चालू लागला. त्याचे वजन आम्ही आता दर पंधरा दिवसांनी कापसाच्या काट्यावर करतो आणि मोटारसायकलमागे त्याला धावू देत नाही. दोन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचा आहे, आणि त्यासाठी मी त्याच दवाखान्यात जाणार आहे. तुम्ही जाणार असाल तर उपाशी ठेवण्याबद्दल आणि खर्चाबद्दल फोनवर नीट विचारून घ्या, आणि पिल्लू घरी लंगडत असतानाचा व्हिडिओ मोबाइलमध्ये सोबत न्या; नव्या जागी घाबरलेले पिल्लू पुष्कळदा दुखणे लपवते.