पेप्टाइडची पावडर, अमिनो ॲसिडची पावडर की मुडदुश्यांचं सार?

रत्नागिरीत आत्याचं आतड्याचं ऑपरेशन झालं, घरी आणल्यावर मेडिकलमधे गेलो तर दोन डबे समोर आले, एक पेप्टाइडचा, म्हणजे प्रोटीनच्या छोट्या तुकड्यांचा, दुसरा सुट्या अमिनो ॲसिडचा, म्हणजे ज्यांच्या माळेतून प्रोटीन बनतं त्या सुट्या मण्यांचा, आणि वाडीतल्या काकू म्हणतायत डबे कशाला, मुडदुशे या मासळीचं सार नि मऊ भात द्या.

मला आधी वाटायचं की जेवढं बारीक तुटलेलं तेवढं पचायला हलकं, म्हणजे अमिनो ॲसिडवाला डबाच बेस्ट. पण तसं नाहीये. सुट्या अमिनो ॲसिडना आतड्याच्या पेशीत शिरायला वेगवेगळी दारं असतात आणि एकाच जातीची सगळी एका दाराशी रेटारेटी करतात. दोन किंवा तीन अमिनो ॲसिडच्या तुकड्यांना मात्र स्वतःचं दार आहे, पेप्ट-वन नावाचं, 20 अमिनो ॲसिडपासून 400 जोड्या नि 8000 तिकड्या होऊ शकतात आणि हे दार त्यातल्या बहुतेकांना घेतं! पेशीच्या बाहेर थोडं आम्ल असतं, तिथला हायड्रोजन आयन आत येताना तुकड्याला सोबत ओढून आणतो. चार किंवा जास्तीचा तुकडा असेल तर दाराबाहेर पेशीच्या झालरीसारख्या कडेवरची एन्झाइम्स त्याला आधी कापतात. हार्टनप नावाच्या आजारात काही अमिनो ॲसिडचं दारच बिघडलेलं असतं, तरी तीच अमिनो ॲसिड तुकड्यातून नीट आत जातात, मला तर हे वाचून पटलंच.

आत गेल्यावर पेशीतली पेप्टिडेज नावाची एन्झाइम्स बहुतेक तुकडे तोडून टाकतात, रक्तात जातात ती मुख्यतः सुटी अमिनो ॲसिडच. कोलॅजन या कातडी-हाडांतल्या प्रोटीनमधले, प्रोलीन हे अमिनो ॲसिड असलेले काही तुकडे चिवट असतात, ते थोडे अख्खे रक्तात पोचतात, पण म्हणून पेप्टाइड थेट स्नायूत जातं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता साराचं. जठरातलं पेप्सिन नि स्वादुपिंडाचं ट्रिप्सिन नीट चालू असेल तर मासळीचं प्रोटीनही तुटत तुटत शेवटी त्याच दारांशी येतं. आतडं बरंच कापलंय किंवा स्वादुपिंड आजारी आहे, तर पेप्टाइडचा डबा कामाचा. अमिनो ॲसिडच्या पाण्यात विरघळलेले कण जास्त असतात, त्याने जुलाब होऊ शकतात, चवही नको वाटते, पण दुधाची जबर ॲलर्जी असलेल्या बाळाला तेच लागतं कारण पेप्टाइडच्या डब्यात दुधाचे तुकडे उरलेले असू शकतात, तिथे पैशाकडे बघू नका. किडनीचा त्रास असेल तर कुठलाही डबा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आत्याचं स्वादुपिंड ठीक आहे, आतडंही थोडंच कापलं होतं, म्हणून पेप्टाइडचा डबा फार लागणार नव्हता, डॉक्टरांना विचारून फक्त सुरुवातीला तो, थोडं थोडं, चमच्याने दिलं. मग काटे काढलेल्या मुडदुश्यांचं पातळ सार, तिखट न घालता, कोकमाचं एकच आमसूल टाकून. वाटी रिकामी झाल्यावर म्हणाली, भात अजून थोडा वाढ.