मंदीच्या काळात सौर उद्योगाला सरकारी आधार: रोख अनुदान, कर्जहमी की हमीदर?

सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली तेव्हा जगभरच्या सौर उद्योगासमोर दोन अडचणी एकदमच उभ्या राहिल्या. प्रकल्पांना कर्ज मिळेनासे झाले आणि ज्यांच्याकडे मदतीसाठी पाहायचे त्या सरकारांच्या तिजोऱ्याही आटू लागल्या. पुढच्या पाच वर्षांत अमेरिका, स्पेन, जर्मनी आणि चीन यांनी निरनिराळ्या वाटा धरल्या, आणि त्यांचे बरेवाईट परिणाम आता पूर्णपणे समोर आहेत. एखाद्या राज्याच्या ऊर्जा खात्यात, वीज नियामक आयोगासमोर किंवा विधिमंडळाच्या समितीत बसून असाच निर्णय ज्याला घ्यायचा आहे, त्याला या वाटा शेजारीशेजारी ठेवून पाहता याव्यात, म्हणून हा आढावा. मदत किती कोटींची, हा आकडा येथे दुय्यम धरला आहे. पैसे कोणाच्या खिशातून जाणार, ते देणे कधी संपणार आणि मध्येच सौर पॅनेलच्या किमती कोसळल्या तर तोटा कोणाच्या पदरात पडणार, हे तीन प्रश्न मला अधिक महत्त्वाचे वाटतात.

तिसरा प्रश्न त्या काळात केवळ कल्पनेतला नव्हता. पॅनेलसाठी लागणाऱ्या शुद्ध सिलिकॉनचा तत्काळ खरेदीचा भाव २००८ मध्ये किलोला ४०० डॉलरच्या वर गेला होता. तो दोन वर्षांत शंभराच्या बराच खाली आला. पॅनेलची किंमत २००८ मध्ये वॅटमागे सुमारे चार डॉलर होती, ती २०१२ पर्यंत एका डॉलरच्या आत उतरली. किमती इतक्या वेगाने पडत असताना सरकारने जे काही दीर्घ मुदतीसाठी ठरवले, ते वर्षभरातच जुने झाले.

अमेरिकेतल्या दोन योजना एकाच कायद्यातून निघाल्या, तरी त्यांची फळे वेगवेगळी होती. सौर प्रकल्पाच्या खर्चाच्या ३० टक्के इतकी आयकरातील सूट तेथे आधीपासूनच होती, आणि बँकांना वाचवण्यासाठी ऑक्टोबर २००८ मध्ये जो कायदा झाला त्यातच तिची मुदत २०१६ अखेरपर्यंत वाढवण्यात आली. कागदावर ही मदत भरघोस होती. पण करातील सूट ज्याला कर भरायचा आहे त्याच्याच कामाची. नव्या सौर कंपन्यांना करपात्र नफा नसे, म्हणून त्या मोठ्या बँकांना आणि विमा कंपन्यांना प्रकल्पात भागीदार करून घेत. बँका आपल्या करातून ती सूट वळती करून घेत आणि त्या बदल्यात भांडवल पुरवत. २००८ मध्ये त्या बँकाच तोट्यात गेल्या. त्यांना कर उरला नाही, त्यामुळे सूटही नको झाली, आणि ज्यांची जमीन, परवाने व वीज खरेदी करार तयार होते असे प्रकल्पही अडकून पडले.

१७ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी डेन्व्हर येथील एका संग्रहालयात, ज्याच्या छतावर सौर पॅनेल होते, अर्थव्यवस्थेच्या पुनरुज्जीवनाच्या कायद्यावर सही केली. त्याच्या १६०३ व्या कलमाने ही कोंडी अगदी साध्या रीतीने फोडली: करसूट नको असेल तर तेवढीच रक्कम अर्थ खात्याकडून रोख घ्या. प्रकल्प उभा राहून सुरू झाला की कागदपत्रे सादर करायची आणि ६० दिवसांत पैसे मिळायचे. प्रकल्प झाला नाही तर सरकारचा एक डॉलरही गेला नाही, आणि झाला तर एकदाच पैसे देऊन सरकार मोकळे झाले. जी सूट पुढे द्यायचीच होती तीच रोखीत दिल्यामुळे खजिन्यावरचा अतिरिक्त भारही तुलनेने बेताचाच राहिला. या कलमाखाली सरतेशेवटी सुमारे २६ अब्ज डॉलर वाटले गेले आणि लाभार्थी प्रकल्पांची संख्या एक लाखाच्या वर गेली. रकमेचा सर्वांत मोठा वाटा पवनऊर्जेकडे गेला, हे खरे. पण संख्येने पाहिले तर छोटे सौर प्रकल्पच अधिक होते.

दोष यातही आहेत. अनुदान खर्चाच्या टक्केवारीवर असल्यामुळे खर्च फुगवून दाखवण्याचा मोह होतो, आणि काही कंपन्यांनी प्रकल्पांची किंमत वाढवून सांगितली का, याची चौकशी अर्थ खात्याच्या महानिरीक्षकांना करावी लागली. पुढे २०१३ मध्ये अमेरिकी सरकारच्या खर्चात सरसकट कपात झाली, तेव्हा प्रलंबित अर्जांवरील रकमेतूनही ८.७ टक्के कापले गेले. प्रकल्प उभा करून बसलेल्या माणसाला ही कपात चांगलीच झोंबली असणार. तरीही ही फसगत एका हप्त्यापुरतीच होती, आणि स्पेनमध्ये जे झाले त्याच्यापुढे ती किरकोळ ठरते.

त्याच कायद्यातील दुसरी योजना कर्जहमीची होती, आणि तिचे नाव निघाले की सोलिंड्राची आठवण निघतेच. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटची ही कंपनी सिलिकॉनऐवजी दुसऱ्या पदार्थाचा थर असलेल्या नळीच्या आकाराचे पॅनेल बनवत असे. सिलिकॉन महाग राहील, हा तिचा सारा हिशेब होता. सप्टेंबर २००९ मध्ये तिला ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाची हमी मिळाली. तोवर सिलिकॉनचा भाव घसरू लागलेलाच होता. ३१ ऑगस्ट २०११ ला कारखान्याला टाळे लागले आणि सुमारे ११०० कामगार एका दिवसात घरी गेले. त्याआधी कर्जाची फेरमांडणी करताना नव्याने पैसे घालणाऱ्या खासगी गुंतवणूकदारांना वसुलीत सरकारच्या आधीचा क्रमांक दिला गेला होता. निव्वळ अर्थकारण म्हणून पाहिले तरी ही चूक गंभीर होती, राजकीय गदारोळ तर वेगळाच.

मात्र याच योजनेतून अॅरिझोनातील आग्वा काल्येंते आणि कॅलिफोर्नियातील डेझर्ट सनलाइट यांसारखे मोठे वीज प्रकल्प उभे राहिले. त्यांच्याकडे वीज कंपन्यांशी झालेले दीर्घ मुदतीचे खरेदी करार होते, त्यामुळे पॅनेल स्वस्त झाले तरी त्यांचे उत्पन्न बुडत नव्हते. २०१४ मध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याने जाहीर केले की त्याच्या सगळ्या कर्ज योजनांवर मिळालेले व्याज बुडीत रकमेपेक्षा अधिक होते. म्हणून कर्जहमी सरसकट त्याज्य ठरत नाही. वीज विकणाऱ्या प्रकल्पाला दिलेली हमी टिकली, आणि कोसळत्या किमतींच्या बाजारात वस्तू विकायला निघालेल्या कारखान्याला दिलेली बुडाली, इतकी स्पष्ट रेघ या योजनेत दिसते.

स्पेनची वाट हमीदराची होती, म्हणजे ठरलेल्या चढ्या दराने वीज विकत घेण्याचे दीर्घ मुदतीचे सरकारी वचन. मे २००७ च्या हुकुमानुसार १०० किलोवॅटपर्यंतच्या प्रकल्पाला युनिटमागे सुमारे ४४ युरो सेंट, तेही २५ वर्षे, मिळणार होते. घाऊक बाजारातील विजेच्या कितीतरी पट असा हा दर होता. दर १०० किलोवॅटच्या मर्यादेला बांधलेला असल्यामुळे लोकांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. एकाच शेतात एकाच कंपनीने उभारलेला मोठा प्रकल्प शंभर-शंभर किलोवॅटच्या तुकड्यांत कागदोपत्री वाटला गेला, आणि प्रत्येक तुकडा निराळ्या मालकाला विकला गेला. घर गहाण ठेवून, निवृत्तीची पुंजी घालून हजारो कुटुंबांनी असे तुकडे घेतले. ‘सूर्य तुमचाही होऊ शकतो’ अशा अर्थाची जाहिरात सरकारची स्वतःची ऊर्जा संस्था करत होती, मग सामान्य माणसाने शंका तरी का घ्यावी? उद्दिष्ट होते २०१० पर्यंत ३७१ मेगावॅटचे, आणि एकट्या २००८ मध्ये अडीच हजार मेगावॅटहून अधिक क्षमता जोडली गेली. त्या वर्षी स्पेन ही जगातील सर्वांत मोठी सौर बाजारपेठ ठरली.

या वचनाचे पैसे नेमके कोणी द्यायचे, हे मात्र कोणी ठरवलेच नाही. ग्राहकांचे वीजदर सरकारने राजकीय कारणांसाठी खाली ठेवले आणि खर्च व वसुली यांतील फरक वीज कंपन्यांच्या खात्यावर तूट म्हणून साचत गेला. ही तूट सौरऊर्जेच्या आधीपासूनची होती, त्यामुळे तिचे सगळे खापर सौरवर फोडणे अन्यायाचे ठरेल. पण २०१३ पर्यंत ती २५ अब्ज युरोंच्या पुढे गेली, आणि तोवर देश कर्जसंकटात सापडलेला होता. सप्टेंबर २००८ मध्ये नव्या प्रकल्पांवर वर्षाला सुमारे ५०० मेगावॅटची मर्यादा आली. डिसेंबर २०१० मध्ये जुन्या प्रकल्पांनाही चढा दर ठरावीक तासांपुरताच देण्याचे ठरले. जानेवारी २०१२ मध्ये नव्या प्रकल्पांचे साहाय्य थांबले, आणि जुलै २०१३ मध्ये हमीदराची पद्धतच मोडीत काढून ‘वाजवी परताव्या’चे नवे सूत्र लागू झाले. परदेशी गुंतवणूकदार आंतरराष्ट्रीय लवादांकडे गेले आणि त्यांतील अनेकांच्या बाजूने निवाडे झाले. देशातल्या कुटुंबांना तो मार्गही खुला नव्हता.

जर्मनीतही हमीदरच होता, आणि तरी तेथे असे झाले नाही. चढ्या दराचा भार जर्मनीने वीजबिलावर उघड अधिभार म्हणून टाकला आणि तो दरवर्षी जाहीर केला: २०१० मध्ये युनिटमागे २.०५ सेंट, २०१३ मध्ये ५.२८, २०१४ मध्ये ६.२४. तूट कुठेही लपवून ठेवली नाही. नव्या प्रकल्पांचा दर ठरलेल्या वेळापत्रकाने उतरत गेला, आणि एकदा जोडलेल्या प्रकल्पाचा वीस वर्षांचा दर मात्र सरकारने पुन्हा उघडला नाही. २०१० ते २०१२ या ऐन संकटाच्या तीन वर्षांत तेथे दरसाल सात हजार मेगावॅटहून अधिक क्षमता उभी राहिली. किंमत मोजली ती घरगुती ग्राहकांनी, कारण मोठ्या वीजभक्षी कारखान्यांना अधिभारात मोठी सवलत होती. आणि इतके करूनही जर्मन पॅनेल उद्योग वाचला नाही. एकेकाळी जगात आघाडीवर असलेली क्यू-सेल्स ही कंपनी एप्रिल २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली.

तो उद्योग गेला कुठे, याचे उत्तर चीनमध्ये आहे. चीनने कारखान्यांना सरकारी बँकांच्या कर्जाचा ओघ खुला केला. पॅनेल जगासाठी स्वस्त झाले, पण चीनलाही ते फुकट पडले नाही. वुशी येथील सनटेक ही पॅनेल कंपनी मार्च २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि त्याआधी शिन्यू शहराच्या पालिकेला एलडीके या कंपनीच्या कर्जातील काही भार आपल्या अंदाजपत्रकात घ्यावा लागला. इतका तोटा पचवण्याची ताकद ज्याच्याकडे नाही, त्याने ही वाट धरू नये.

आपल्याकडे याच काळात, जानेवारी २०१० मध्ये, राष्ट्रीय सौर मिशन सुरू झाले आणि हमीदराऐवजी उलट्या लिलावाचा मार्ग निवडला गेला: आयोगाने ठरवलेल्या युनिटमागे १७.९१ रुपयांच्या दरापेक्षा जो सर्वांत कमी मागेल, त्याला करार. पहिल्या फेरीत सरासरी दर १२ रुपयांच्या आसपास आला, आणि वर्षभरानंतरच्या दुसऱ्या फेरीत सर्वांत खालची बोली ७.४९ रुपयांची होती. पॅनेल स्वस्त झाल्याचा फायदा स्पेनमध्ये तुकडे विकणाऱ्या मध्यस्थाला मिळाला. येथे तो वीज घेणाऱ्याला मिळाला. शिवाय ही महाग वीज एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीज कंपनीच्या स्वस्त औष्णिक विजेत मिसळून वितरण कंपन्यांना विकली गेल्यामुळे फटका सौम्य झाला. भांडवल महाग असेल तर लिलावाला स्वस्त कर्जाची जोड देता येते. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ महानिर्मितीने उभारलेल्या १२५ मेगावॅटच्या प्रकल्पाला केएफडब्ल्यू या जर्मन विकास बँकेचे कर्ज होते.

तेव्हा निर्णय घेणाऱ्याने आधी नेमके काय आटले आहे, हे तपासावे. बँकांचे कर्ज थांबले असेल आणि तिजोरीत थोडेफार असेल, तर प्रकल्प सुरू झाल्यावर एकदाच द्यायचे रोख अनुदान सर्वांत सुरक्षित आहे. फक्त ते मालकाने सांगितलेल्या खर्चावर न देता आयोगाने ठरवलेल्या प्रमाण खर्चावर द्यावे. तिजोरीच रिकामी असेल तर लिलाव आणि स्वस्त कर्ज. महाराष्ट्रात शेतीपंपांच्या सवलतीचा भार उद्योग आणि व्यापारी ग्राहकांच्या बिलावर आधीच आहे, त्यामुळे जर्मनीसारखा अधिभार येथे लोकांच्या गळी उतरवणे अवघड जाईल, आणि अधिभार लावण्याची हिंमत नसेल तर हमीदराच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोविडच्या काळात केंद्राने प्रकल्पांना सरसकट पाच महिन्यांची मुदतवाढ दिली, तिला तिजोरीतून काहीच घालावे लागले नाही. अशा बिनखर्चाच्या उपायांचा विचार सर्वांत आधी व्हावा.

कारखान्यांसाठी काही करायचेच असेल, तर एप्रिल २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ४,५०० कोटी रुपयांच्या उत्पादन प्रोत्साहन योजनेचे तत्त्व कर्जहमीपेक्षा बरे आहे, कारण तेथे पैसे माल विकला गेल्यावर मिळतात. कर्जहमीत मात्र सरकारचा पैसा पहिला पॅनेल विकला जाण्यापूर्वीच गुंतलेला असतो.