मर्क्युरी 2.5 लिटर व्ही-6 मध्ये वायसेकोचे फोर्ज्ड पिस्टन : घ्यावेत का, आणि घेतले तर काय सांभाळावं

मर्क्युरी 2.5 हे बोटीच्या मागे लावायचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, आणि वायसेको ही पिस्टन बनवणारी कंपनी. आधी निकाल सांगतो. ब्लॉक लोखंडी स्लीव्हचा (सिलिंडरच्या आतली नळी लोखंडी) असेल, इंजिन 6,000 आरपीएमच्या वर पळवायचं असेल आणि बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मापायची साधनं हाताशी असतील, तर वायसेकोचे पिस्टन बेलाशक घ्या. कुटुंबाला फिरवायची बोट असेल आणि इंजिन मूळ ताकदीवरच चालवायचं असेल, तर चांगल्या प्रतीचे कास्ट (ओतीव) पिस्टन पुरेसे आहेत. ते थंड इंजिनात जास्त माफ करतात.

याचं कारण धातूत आहे. फोर्ज्ड पिस्टन दाबून घडवलेला असतो, त्यामुळे डोकं आणि रिंगच्या खाचा दणकट होतात. डिटोनेशनचा (इंधन एकदम भडकण्याचा) एखादा फटका कास्ट पिस्टनची रिंगलँड (रिंगांमधली कड) उडवतो, फोर्ज्ड बहुतेक वेळा तो सोसतो. पण तापल्यावर तो कास्टपेक्षा जास्त फुगतो. म्हणून त्याला भिंतीपासून जास्त क्लिअरन्स (मोकळी फट) लागतो. जुन्या पिस्टनच्या मापाने बोअर करून घेतला आणि त्यात हे पिस्टन बसवले, तर पहिल्याच फेरीत इंजिन धरतं, म्हणजे पिस्टन आत अडकून बसतो. अशा वेळी दोष पिस्टनवर जातो, चूक मात्र बोअरिंगची असते.

ऑर्डर देण्याआधी ब्लॉक ओळखा. 1976 च्या पहिल्या ब्लॅक मॅक्सपासून या घराण्यात 2.0, 2.4 आणि 2.5 लिटरची इंजिनं झाली आणि तिघांचाही स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) 2.65 इंच आहे. फरक बोअरचा : अनुक्रमे 3.125, 3.375 आणि 3.5 इंच. काउलवरच्या (वरच्या झाकणावरच्या) स्टिकरवर विसंबू नका. या वयाच्या इंजिनांवर काउल, पॉवरहेड (वरचं मूळ इंजिन) आणि गिअरकेस (पाण्यातला खालचा भाग) तीन वेगवेगळ्या बोटींचे असणं नेहमीचंच आहे. हेड काढा, बोअर मापा, आणि जुन्या पिस्टनच्या स्कर्टमधल्या (खालच्या घेरातल्या) खिडक्या नव्याशी जुळवून पाहा. पोर्टची (सिलिंडरच्या भिंतीतल्या तोंडांची) रचना वेगळी असेल तर पिस्टन आत जाईल, पण वाट अडेल.

एका पाकिटात एका सिलिंडरचा पिस्टन, दोन रिंग, गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी) आणि क्लिप येतात. अशी सहा पाकिटं लागतात. त्यातही बोटीच्या डाव्या म्हणजे पोर्ट बाजूचे तीन आणि उजव्या म्हणजे स्टारबोर्डचे तीन वेगळे असतात, तेव्हा खुणा बघूनच ऑर्डर द्या. गॅस्केट, क्रँकची सीलं, गजन पिनच्या सुया आणि रॉडचे बोल्ट वेगळे घ्यावे लागतात. पिस्टनच्या किमतीवरून खर्चाचा अंदाज बांधणाऱ्याचा हिशेब इथेच चुकतो.

आता मापाकडे वळू, कारण खरी कसोटी तिथेच आहे. पिस्टन, ब्लॉक आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवा. उन्हात तापलेला ब्लॉक आणि थंड पिस्टन मापले तर थाऊच्या (इंचाच्या हजाराव्या भागाच्या) हिशेबाला अर्थ राहत नाही. पिस्टन कुठे मापायचा ते पाकिटातल्या कागदावर दिलेलं असतं. गजन पिनच्या काटकोनात, सांगितलेल्या उंचीवरच मापा. स्कर्ट सरळ नळी नसते, चार मिलिमीटर वरखाली झालं तरी माप बदलतं. बोअर तीन उंचीवर आणि प्रत्येक उंचीला दोन दिशांनी मापा, म्हणजे एका सिलिंडरची सहा मापं होतात. लोखंडी स्लीव्हमध्ये टेपर (वरखाली व्यासातला फरक) किंवा लंबगोलपणा 3 थाऊच्या वर गेला तर होनिंगने (हलक्या घासणीने) भागणार नाही, ओव्हरसाइझ (बोअर मोठं) करावंच लागतं. मशीनवाल्याला नुसतं 'पंधरा थाऊ ओव्हर' सांगू नका. सहाही पिस्टन त्याच्या हातात द्या आणि प्रत्येक बोअर त्याच्या पिस्टनला जुळवून घ्या.

बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा बोटाने तपासा. बोअरिंग मशीनवरून आलेल्या ब्लॉकच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात. त्या कडांना हलका चॅम्फर (तिरका उतार) दिला नाही, तर रिंग पोर्टवरून जाताना थोडी बाहेर फुगते, धारेला अडकते आणि तुटते. तुटलेला तुकडा पिस्टन आणि हेड दोन्ही खातो. बोअरिंगच्या पैशात चॅम्फर धरला आहे का, हे काम देतानाच विचारा.

क्रोमचा किंवा निकासिलचा (निकेलचा कठीण लेप) बोअर असेल तर गणित बदलतं. त्याला बोअरिंग नाही, लेप गेला असेल तर ब्लॉक पुन्हा प्लेटिंगला जातो. निकासिलचा लेप शाबूत असून नुसतं ॲल्युमिनियम चिकटलं असेल तर ते म्युरिॲटिक ॲसिडने निघतं. कापसाच्या काडीने फक्त डागावर लावा. फेस येतोय म्हणजे ॲल्युमिनियम अजून आहे, फेस थांबला की धुऊन टाका. हातमोजे, चष्मा आणि उघडी हवा लागतेच. ॲसिड पोर्टच्या उघड्या ॲल्युमिनियमवर ओघळू देऊ नका, तिथेही ते तितक्याच जोमाने खातं. आणि क्रोमच्या भिंतीवर क्रोमची रिंग कधीही चालत नाही. रिंगचा प्रकार खात्री करून घ्या.

रिंग बोअरमध्ये ठेवा, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करा आणि फीलर गेजने रिंगच्या दोन टोकांमधला गॅप बघा. मर्क्युरीचं माप 10 ते 18 थाऊ आहे. वायसेकोच्या कागदावर वेगळं असेल तर कागदाचं ऐका. कमी पडलं तर फाइलने हळूहळू वाढवा, पण टोकाला पिनसाठी जी खाच असते तिचा आकार बिघडवू नका. पिस्टन आत ढकलताना रिंगची टोकं त्या पिनवर नीट बसली आहेत ना, हे प्रत्येक वेळी बघा. जोर लागतोय असं वाटलं की थांबा.

गजन पिनच्या सुया हे या इंजिनातलं सर्वात चिकाटीचं काम. प्रत्येक रॉडला 29 सुट्या सुया, सहा रॉडच्या मिळून 174. ॲसेंब्ली ग्रीसमध्ये त्या एकेक चिकटवून बसवायच्या. पांढरा कपडा अंथरा, सुरू करताना मोजा आणि संपल्यावर रिकाम्या डब्या बघा. एक सुई क्रँककेसमध्ये राहिली तर पुढचा सगळा खर्च वाया जातो. क्लिप नव्याच वापरा आणि त्यांचं तोंड वर किंवा खाली ठेवा, आडवं नको.

रॉडचं टोक आणि त्याची टोपी मर्क्युरीने तडा देऊन वेगळी केलेली असते, त्यामुळे प्रत्येक टोपी फक्त तिच्याच रॉडवर आणि त्याच बाजूने बसते. बोल्ट हलके आवळल्यावर पेन्सिलीचं टोक सांध्यावरून फिरवा. कुठेही पायरी जाणवली तर सोडून पुन्हा बसवा. पायरी राहिली तर बेअरिंगचे रोलर तिथून जाताना मार खातात आणि बिग एंड (रॉडचं क्रँककडचं टोक) निळा पडून जातो. टॉर्क बोल्टच्या प्रकाराप्रमाणे बदलतो, तेव्हा तुमच्या सिरियल नंबरच्या मॅन्युअलमधलाच आकडा घ्या. क्रँककेसच्या सांध्यावर लोकटाइट 514 पातळ लावा. जास्त झालं तर ते आत येऊन ब्लीडची (साचलेलं तेल फिरवणारी) छोटी भोकं बुजवतं, आणि खालच्या बेअरिंगना मिळणारं तेल कमी होतं. खालचं क्रँक सील जुनं ठेवून पैसे वाचवू नका. तिथून हवा शिरली की तळाचे 5 आणि 6 नंबरचे सिलिंडर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालतात.

इंजिन धरलं तर पिस्टन बाहेर काढून वाचा. गजन पिनच्या दोन्ही बाजूंना चार जागी ओरखडे असतील तर इंजिन थंड असताना जोर दिला किंवा क्लिअरन्स कमी पडला. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे असतील तर मिश्रण लीन होतं. डोक्याची कड वाळूने खाल्ल्यासारखी दिसत असेल तर डिटोनेशन, तेव्हा टायमिंग आणि पेट्रोल तपासा. फोर्ज्ड पिस्टन घालून कारण तसंच ठेवलं, तर जरा उशिरा का होईना तोच निकाल लागतो.

टायमिंगची सुरुवात पॉइंटरपासून करा. डायल गेज पहिल्या सिलिंडरमध्ये घालून पिस्टन टीडीसीच्या (सर्वात वरच्या टोकाच्या) .462 इंच आधी आणा आणि पॉइंटर फ्लायव्हीलवरच्या .462 च्या खुणेवर आणा. हे केल्याशिवाय टायमिंग लाइटचा आकडा विश्वासाचा नाही. फ्लायव्हीलचा कोन तेल न लावता कोरडा बसवा.

बोटीवर चढवल्यावर पहिली टाकी 25:1 च्या मिश्रणाची (25 भाग पेट्रोल, 1 भाग तेल), टीसी-डब्ल्यू3 या टू-स्ट्रोक आउटबोर्डच्या तेलाची. पूर्ण थ्रॉटल एकदम नको, इंजिन गरम होऊ द्या आणि आरपीएम वरखाली करत राहा. फोर्ज्ड पिस्टनला ही गरम होण्याची मिनिटं नंतरही प्रत्येक वेळी द्यावी लागतात. मग सगळे प्लग काढून, थ्रॉटल उघडा ठेवून कॉम्प्रेशन मोजा. गेजनुसार आकडा हलतो, पण सहा सिलिंडरमध्ये 15 पीएसआयपेक्षा जास्त फरक नको.

रिगिंगमध्ये (बोटीवरच्या जोडणीत) दोन काटे, म्हणजे गेज, पिस्टन वाचवतात. पहिला इंधनाच्या ओढीचा : इंजिनाच्या तोंडाशी पूर्ण थ्रॉटलला 2 इंच पाऱ्यापेक्षा जास्त व्हॅक्युम दिसला तर नळी अरुंद आहे, फिल्टर चोंदला आहे किंवा टाकीवरचा अँटीसायफन व्हॉल्व्ह (पेट्रोल आपोआप वाहू न देणारा) अडतोय. नळीचा आतला व्यास किमान 3/8 इंच ठेवा. दुसरा पाण्याच्या दाबाचा. वेगासाठी जॅकप्लेटवर (इंजिनाची उंची बदलणाऱ्या पट्टीवर) इंजिन वर घेताना एका वेळी अर्धा इंचच उचला आणि काटा बघत जा. पूर्ण थ्रॉटलला 10 पीएसआयच्या खाली गेला की पुन्हा खाली घ्या, किंवा तळाशी पाण्याची तोंडं असलेली स्पोर्टमास्टरसारखी गिअरकेस बसवा. 2004 ला मुंबईत आणि 2018 ला आंध्रातल्या अमरावतीच्या कृष्णेत धावलेल्या फॉर्म्युला-वन बोटींवर याच 2.5 लिटर टू-स्ट्रोक व्ही-6 च्या घराण्यातली इंजिनं होती. तिथे ती प्रत्येक शर्यतीनंतर उघडणारे लोक असतात. घरच्या इंजिनाला ती चैन नाही, म्हणून हे दोन काटे डॅशवर डोळ्यांसमोर लावा, काउलखाली नको.