टमी टकनंतरचा प्रेशर पट्टा: मार्च ते सप्टेंबर, जळगावच्या उन्हाळ्यासकट

शस्त्रक्रिया टमी टकची, म्हणजे पोटाची सैल कातडी काढून पोट घट्ट करण्याची, सोबत कमरेच्या दोन्ही बाजूंचं लायपोसक्शन, म्हणजे चरबी शोषून काढणं. पट्टा मांडीच्या मध्यापर्यंतचा, नायलॉन-लायक्राचा, पुढून हुकांच्या दोन रांगा आणि वर चेन. वापर सात महिने: पहिले सहा आठवडे दिवसाचे 23 तास, तिसरा महिना संपेपर्यंत फक्त दिवसा, पुढे प्रवासात किंवा संध्याकाळी सूज जाणवली तरच. दोन नग लागतातच. एक अंगावर, एक दोरीवर.

शिवण उसवली नाही, चेन अडकली नाही. पण पट्ट्याने कंबर बारीक होते असं समजून कुणी घेत असेल तर थांबा. टमी टकमध्ये पोटाची कातडी स्नायूंवरून सोडवून खाली ओढतात. मधे जी पोकळी राहते तिथे पाणी साचू नये आणि कातडी पुन्हा स्नायूला चिकटावी, एवढ्यासाठी हा दाब असतो. एवढं कळलं की माप कसं घ्यायचं तेही कळतं. हुक लावल्यावर कडेतून दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. ती जात नसतील तर कातडीचा रक्तपुरवठा दबतो, आणि बेंबीपासून खालच्या टाक्यांपर्यंतच्या भागात तो आधीच सगळ्यात कमी असतो. जांघेत पट्टा रुतला तर पायातलं रक्त वर यायला अडतं. उलट ढिला पट्टा बसल्यावर गोळा होतो, त्या घडीचा वळ उठतो आणि घडीच्या खाली पाणी साचतं. म्हणून माप शस्त्रक्रियेआधीच्या कंबरेचं देऊ नका, सूज धरून घ्या. तीन-चार आठवड्यांनी सूज उतरली की हुकांच्या आतल्या रांगेवर या.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पट्ट्याखाली काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. रोजचा जो एक तास तो काढायचा, तो निव्वळ आंघोळीत घालवू नका. चांगल्या उजेडात, आरशासमोर, घरातल्या एकाला सोबत घेऊन पोट बघा. टाक्यांच्या मधोमध कातडी आधी जांभळी, मग काळपट होऊ लागली तर ती मरायला लागली आहे. दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता सर्जनला फोटो पाठवा. एक तळहात पोटाच्या एका बाजूला ठेवून दुसऱ्या बाजूने हलकी टिचकी मारा. पाण्याच्या पिशवीत उठावी तशी लाट हाताला लागली तर सेरोमा, म्हणजे पाणी साचलंय. हे बऱ्याच जणांना होतं, सुईने काढतात, दोन-तीनदाही काढावं लागतं. घरी मालिश करून ते जिरत नाही. एकाच बाजूला अचानक ताठ, दुखरी सूज आणि ड्रेनमध्ये (आतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत) लालभडक रक्त असेल तर आत रक्तस्राव होतोय, लगेच दवाखाना.

ड्रेनची वही ठेवा: 24 तासांत किती मिली आणि रंग कोणता. आधी लाल, मग गुलाबी, मग फिकट पिवळं, हा नेहमीचा क्रम. साधारणपणे 24 तासांत 30 मिलीच्या खाली आलं की ड्रेन काढतात. घाई करून आधी काढून घेतला तर पट्टा कितीही भारी असो, पाणी साचू शकतं.

ज्याने जीव जातो ती गुंतागुंत मात्र पोटात नसते, पोटरीत असते. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर रक्ताची गुठळी समजा. तीच सुटून फुफ्फुसात गेली की धाप लागते, छातीत कळ येते. मुंबईत शस्त्रक्रिया करून तिसऱ्या दिवशी सहा-सात तास रेल्वेत बसून जळगावला यायचा बेत म्हणूनच धोक्याचा. पहिला आठवडा सर्जनच्या गावातच राहा. पहिल्या दिवसापासून कमरेत थोडं वाकून का होईना, दर दोन तासांनी चाला. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, त्यांनी गुठळीची शक्यता वाढते.

आपल्याकडच्या दोन गोष्टी मुंबई-पुण्याच्या छापील सूचनांत सापडत नाहीत. पहिली मिसरी. सिगारेट ओढत नाही म्हणून फॉर्मवर ‘व्यसन नाही’ लिहितात, पण मिसरीत, गुटख्यातही निकोटिनच असतं, आणि बारीक रक्तवाहिन्या आकसून ताणलेली कातडी काळी पडते ती त्यानेच. आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद. दुसरी सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. नंदुरबार, धुळे आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या भागात वाहक बरेच आहेत, त्रास नसल्याने कित्येकांना ते माहीतही नसतं. भूल दिलेली असताना ऑक्सिजन कमी पडला, शरीरातलं पाणी घटलं किंवा अंग गार पडलं की पेशी विळ्यासारख्या वाकून अडकू शकतात. नेहमीच्या रक्ततपासण्यांच्या यादीत ही चाचणी असेलच असं नाही. स्वतःहून मागा आणि अहवाल भूलतज्ज्ञांच्या हातात द्या.

आता उन्हाळा. मे महिन्यात 44-45 अंशांत पट्टा म्हणजे शिक्षा. जांघेत आणि कमरेच्या घडीत आधी घामोळं, मग गजकर्ण. आत बिनशिवणीची पातळ सुती बनियन घाला, जखमेजवळ पावडर नको. पट्टा सौम्य साबणाने हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. कडक उन्हात लायक्रा सैल पडते. निवड हातात असेल तर शस्त्रक्रिया नोव्हेंबर-डिसेंबरात ठेवा. मार्चमध्ये केली की आखाजी (अक्षय्य तृतीया) नेमकी त्या सहा आठवड्यांत किंवा लगेच पुढे येते. माहेरी गेल्यावर झोका नाही, खापरावरचे मांडे नाहीत, पाच किलोच्या वर काही उचलणं नाही. भरलेली कळशीसुद्धा त्यात आली, कारण आत स्नायूंना घातलेले टाके सुटू शकतात.

जखमेवर हळद-तेल लावू नका आणि नळाचं साधं पाणी उघड्या जखमेवर घेऊ नका. तीन-चार आठवड्यांनी, सगळं भरून आलंय असं वाटत असताना, टाक्यांच्या रेषेवर गाठी येऊन पाणचट स्राव सुरू झाला आणि नेहमीच्या अँटिबायोटिकने हटेना, तर पाण्यात सापडणाऱ्या क्षयेतर मायकोबॅक्टेरियाचा (क्षयाच्या जंतूंच्या कुळातल्या, पण क्षय न करणाऱ्या जंतूंचा) संसर्ग असू शकतो. त्याचं कल्चर (स्रावातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघणं) वेगळं सांगून करावं लागतं, औषधं कित्येक महिने चालतात.

व्रणासाठी सिलिकॉन शीट जखम पूर्ण मिटल्यावरच, दिवसाचे किमान 12 तास, दोन-तीन महिने. घामाने ती उन्हाळ्यात सारखी सुटते, तेव्हा दुपारी जेल आणि रात्री शीट. बेंबीखालचा बधिरपणा सात महिन्यांनीही थोडा आहे, तो पट्ट्याचा दोष नाही. व्रण वर्ष-दीड वर्ष बदलत राहतो.

कुणाचा वापरलेला पट्टा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. त्याची लवचीकता गेलेली असते आणि माप दुसऱ्याच्या सुजेचं असतं.