साडेसात हजारांची ‘डेटा रिकव्हरी’

परवा भाचा घरी आला नसता तर त्या दुकानवाल्याने आपल्यावर उपकारच केले, असं मी अजून सांगत फिरले असते.

मी नौपाड्यात राहते, चार-पाच सोसायट्यांचे हिशेब लिहिते. ऑडिट तोंडावर आलेलं आणि सकाळी लॅपटॉप उघडला तर निळा स्क्रीन: बिटलॉकरची (म्हणजे डिस्कला लावलेल्या विंडोजच्या कुलपाची) रिकव्हरी की टाका. आदल्या रात्री बायोसचं, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचं, अपडेट झालं होतं, पण त्याचा याच्याशी काही संबंध असेल हे डोक्यातही आलं नाही. मोबाइलवर फोटो तेवढा काढला.

ठाणे स्टेशनजवळच्या दुकानातल्या मुलाने धड बघितलंही नाही. "व्हायरसने लॉक केलंय काकी, हार्ड डिस्क गेल्यातच जमा आहे. निघेल तेवढा डेटा काढतो." साडेसात हजार! संध्याकाळी फोन आला, "ओटीपी आलाय तो सांगा, विंडोजला लागतो." सांगितला. बँकेचा थोडाच होता!

दुसऱ्या दिवशी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो सगळं जागच्या जागी. डी ड्राइव्हवरचा टॅलीचा डेटा मात्र ‘करप्ट’. वर मीच त्याला थँक्यू म्हणून आले.

भाच्याने फोटो बघून कपाळाला हात लावला. "मावशी, व्हायरस कसला? विंडोज 11 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की बऱ्याचदा डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते. बायोस बदललं म्हणून मशीनने की मागितली." ती 48 आकडी की माझ्याच खात्यात पडून होती, फोटोतला की आयडी, म्हणजे त्या कीचा ओळख क्रमांक, तंतोतंत जुळला. की नसेल तर अशा डिस्कमधून कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर काही वाचू शकत नाही. मग दुकानवाल्याने काढलं काय? काही नाही. डिस्क फॉरमॅट केली, ओटीपी घेऊन माझ्या खात्यात शिरला आणि वनड्राइव्हवरच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यातल्या, फाइल्स आपसूक खाली उतरल्या. टॅली वनड्राइव्हवर नव्हती, ती गेली. आता की सापडून उपयोग नाही, फॉरमॅट झालेल्या डिस्कला ती कशी लागणार?

तुमचा लॅपटॉप धड चालू आहे तोवर खात्यात जाऊन की कागदावर उतरवून घ्या. आणि असा स्क्रीन आलाच, तर की शोधेपर्यंत कोणालाही फॉरमॅट करू देऊ नका.

मी पासवर्ड बदलला आणि दुकानात गेले. "काकी, की दिली असतीत तर टाकली असती ना," म्हणाला. पक्कं बिल मागितलं, तर वर 18 टक्के जीएसटी पडेल म्हणे.