डेकूपाजचा ‘गोंद आणि वॉर्निश एकत्र’: 14 महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी गणपतीच्या आराशीचे सामान काढण्यासाठी मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवली, तेव्हा तीत जपून ठेवलेल्या बारा कागदी तसबिरींपैकी आठ एकमेकींना चिकटून त्यांचे चार-चारचे दोन ठोकळे झालेले आढळले. बोटांनी हलकेच ओढून पाहिल्यावर वरच्या तसबिरीचा कागद फाटण्याचा आवाज आला आणि मी हात थांबवला. या तसबिरी डेकूपाजच्या, म्हणजे कापलेली कागदी चित्रे वस्तूवर चिकटवून वरून वॉर्निश देण्याच्या कलेतल्या आहेत; त्या ज्या द्रवाने चिकटवल्या होत्या आणि ज्या द्रवाचाच शेवटचा हात त्यांच्यावर दिला होता, त्याविषयी हा अनुभव आहे.

बाटलीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण हा दोष एका कंपनीचा नसून या प्रकारच्या मालाचाच आहे, असे माझे आता मत झाले आहे. ‘गोंद, सीलर आणि वॉर्निश, तिन्ही एकाच बाटलीत’ असे ज्यावर छापलेले असते, तो पांढरा, दाट, वाळल्यावर पारदर्शक होणारा द्रव आपल्यापैकी बहुतेकांनी वापरलेला आहे. मी मॅट प्रकारच्या 250 मिलीच्या तीन बाटल्या गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात एकदम घेतल्या, कारण सुटी बाटली 650 रुपयांना आणि तीन मिळून 1,740 रुपयांना, म्हणजे प्रत्येकी 580 रुपयांना, होत्या. आज त्या बचतीचे मला समाधान नाही.

तसबिरींची कल्पना आजोळच्या देवघरातून आली. तिथे रविवर्म्याच्या लक्ष्मीचे जुने छापील चित्र होते आणि त्यावर कोणीतरी फार पूर्वी खरी जर, टिकल्या आणि साडीच्या कापडाचा तुकडा चिकटवून देवीला वस्त्रालंकार चढवले होते. राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेली चित्रे घरोघरी पोहोचल्यावर घरच्या बायकांनी ती अशी सजवली. कागद, कापड आणि धातू एकत्र आणण्याच्या ज्या कलेला आज मिक्स्ड मीडिया म्हणतात, ती आपल्या देवघरांत शंभर वर्षे नांदत होती, हे मला फार मोलाचे वाटते. म्हणून मी 18 सेंटीमीटर उंचीचे लंबगोल पुठ्ठे कापले, मध्यभागी त्याच चित्राची लेझर प्रत लावली, कडेला मोडी पत्रांच्या चहाच्या पाण्यात रंगवलेल्या झेरॉक्स प्रतींचे तुकडे बसवले, त्यावर बेगड, पितळी बटणे आणि आजीच्या जीर्ण नऊवारीच्या काठाची जर लावली. काठ फार थोडा शिल्लक होता आणि तो या बारा तसबिरींत पूर्ण संपला.

पहिल्या दोन महिन्यांत या द्रवाविषयी माझे मत अत्यंत चांगले होते, आणि त्यातला बराच भाग आजही तसाच आहे. तो पातळ कागदाला चटकन धरतो, बोटाला लागलेला सहज धुता येतो, वास जवळजवळ येत नाही आणि कापडाच्या विणीत शिरून जरीचा काठ पुठ्ठ्यावर सपाट बसवतो. कागदाला सुरकुत्या पडतात अशी तक्रार अनेक जण करतात, पण ओला कागद त्यातल्या तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो हे ध्यानात घेऊन तो आधी किंचित ओलसर केला, द्रव फक्त पुठ्ठ्यावर लावला आणि मधून कडेकडे हात फिरवला, तर सुरकुती क्वचितच राहते. इंकजेटची छपाई मात्र याखाली फुटते आणि शाई पसरते, तेव्हा लेझर प्रतीच वापराव्यात. पायाच्या थरासाठी मी पुण्यातील शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा सुती चिंध्यांपासून केलेला कागद वापरला. 1940 पासून चालत आलेल्या या संस्थेच्या कागदाने हा द्रव जितका समरस होऊन घेतला, तितका कोणत्याही गुळगुळीत कार्डाने घेतला नाही.

वसुबारसेच्या दोन दिवस आधी सर्व तसबिरींवर या द्रवाचा शेवटचा हात दिला, दिवाळीभर त्या दारावरच्या तोरणात टांगल्या, आणि तुळशीच्या लग्नानंतर एकावर एक रचून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवल्या. त्या वेळी हात लावल्यावर त्या पूर्ण कोरड्या लागत होत्या. बाटलीवरही ‘एका तासात कोरडे’ असेच लिहिलेले आहे.

ठोकळे सोडवण्याचा उपाय सांगून ठेवते, कारण तो कोणाला तरी नक्की उपयोगी पडेल. एक ठोकळा मी जाड पिशवीत घट्ट बांधून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवला. थंडीने हा थर कडक आणि ठिसूळ होतो, त्यामुळे बाहेर काढल्याबरोबर, त्यावर दव धरण्यापूर्वी, पातळ सुरी कडेने सरकवल्यास तसबिरी टचकन सुटतात. दुसऱ्या ठोकळ्याच्या वेळी मी घाई केली नाही आणि तोही तसाच सोडवला. आठांपैकी पाच वाचल्या. उरलेल्या तिघींचे चित्र पुन्हा छापता येईल, मोडी पत्राची पुन्हा प्रत काढता येईल, परंतु दोघींच्या वरची जर समोरच्या तसबिरीला लागून उसवून निघाली, आणि तो काठ आता कोठेही मिळणार नाही. कोणतीही अस्सल, एकच असलेली वस्तू नव्या रसायनाची परीक्षा होण्यापूर्वी त्याखाली दाबू नये, हे मला माहीत असायला हवे होते.

विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार सोळा दिवस चालला. मी छायाचित्रे पाठवली आणि न उघडलेल्या तिसऱ्या बाटलीचे पैसे मागितले. पहिले उत्तर आले की परतीची मुदत दहा दिवसांचीच होती. दुसरे उत्तर आले की मी थर जाड दिला असावा. तिसऱ्या उत्तरात प्रथमच सांगण्यात आले की हा द्रव एका तासात कोरडा होत असला तरी पूर्ण पक्का व्हायला चार आठवडे लागतात आणि त्याआधी तसबिरी एकमेकींवर ठेवायच्या नव्हत्या. ही सूचना बाटलीवर कोठेही नाही. ग्राहकाने 580 रुपयांची वस्तू घ्यायची, तिच्यावर ‘एक तास’ वाचून विश्वास ठेवायचा, आणि नुकसान झाल्यावर त्याला चार आठवड्यांची गोष्ट सांगायची, ही रीत मला अजिबात मान्य नाही. पैसे परत मिळाले नाहीत.

तरीही रागाच्या भरात निष्कर्ष काढू नये म्हणून मी त्यांचे म्हणणे तपासले. पुठ्ठ्याच्या सारख्या आकाराच्या पट्ट्यांवर याच द्रवाचे दोन-दोन हात दिले. काही पट्ट्या दोन दिवस वाळवल्या, काही पूर्ण 28 दिवस जाळीवर मोकळ्या ठेवल्या. नंतर तोंडाला तोंड लावून, डाळीच्या भरलेल्या डब्याखाली आठवडाभर माळ्यावर ठेवल्या. दोन दिवस वाळलेल्या पट्ट्या कागद फाटल्याशिवाय सुटल्या नाहीत. 28 दिवसांच्या पट्ट्या चर्र आवाज करत सुटल्या, कागद फाटला नाही, मात्र पृष्ठभागावर चकचकीत डाग पडले. म्हणजे विक्रेत्याचे म्हणणे अर्धे खरे होते आणि मी त्यांना पूर्णपणे खोटे ठरवले होते, ते मत मी येथे मागे घेते. उरलेल्या अर्ध्याचे कारण वेगळे आहे.

या द्रवाचा मुख्य घटक पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट आहे, म्हणजे सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदातलाच. हे रसायन 30 अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ होऊ लागते आणि हवेतली ओल शोषली की त्याहूनही लवकर. थंड, कोरड्या देशात घराचे तापमान 20 अंशांच्या जवळपास राहते, तेथे हा थर वर्षभर कडक राहणार यात नवल नाही. ठाण्यात मे महिन्यात माळ्यावरची पेटी हाताला गरम लागते आणि जून ते सप्टेंबर हवेत ओलच ओल असते. चार आठवडे काय, चार महिने वाळवले तरी त्या उष्णतेत आणि दमटपणात थर पुन्हा मऊ होतो आणि वजन पडले की समोरच्या थराशी एकजीव होऊ पाहतो. ज्या गुणामुळे हा द्रव चांगला गोंद आहे, त्याच गुणामुळे तो आपल्या किनारपट्टीवर वॉर्निश होऊ शकत नाही. ‘तिन्ही एकाच बाटलीत’ या तीन शब्दांवर माझा सगळा आक्षेप आहे, आणि बाटलीचे बाकी सर्व गुण मान्य करूनही तो मला दुर्लक्षण्याजोगा वाटत नाही.

उपाय आमच्याकडे दाराचे काम करणाऱ्या सुतारांनी सुचवला. पट्ट्यांची रांग पाहून ते म्हणाले, “वहिनी, चिकटवा कशानेही, पण शेवटचा हात लाखेचा द्या.” पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळणारी ही लाख, चपड्याच्या म्हणजे पातळ पापुद्र्यांच्या रूपात, हार्डवेअरच्या दुकानात सुटी मिळते. जुन्या फर्निचरचे पॉलिश तिचेच असे आणि मिनिटाला 78 फेऱ्यांच्या ग्रामोफोनच्या तबकड्यांतही तीच असे. तिचा थर साधारण 75 अंशांच्या आसपास वितळतो, म्हणजे माळ्यावरच्या उन्हाळ्याला ती दाद देत नाही. मी 100 मिली स्पिरिटमध्ये 12 ग्रॅम चपडा रात्रभर भिजवला, सकाळी जुन्या मलमलीतून गाळला आणि मऊ ब्रशने पट्ट्यांवर तीन पातळ हात दिले. पहिला हात वीस मिनिटांत वाळला. आठवड्यानंतर त्याच डब्याखाली, तोंडाला तोंड लावून, त्या पंधरा दिवस सप्टेंबरच्या दमट हवेत ठेवल्या आणि डबा उचलल्यावर त्या आपोआप सुट्या झाल्या.

याहून मोठा आनंद रंगाचा होता. चपड्याचा थर मधासारखा किंचित पिवळा असतो, त्यामुळे जुनेपणासाठी मी चहाचे जे प्रयोग करत होते त्यांची गरज निम्म्याने कमी झाली. चहातले टॅनिन आम्लयुक्त असते आणि कागदाला ते दीर्घकाळ हितकारक नाही, म्हणून चहा कमी झाला याचेही मला बरे वाटते. लाखेखाली बेगड असे दिसते, की आजोळच्या त्या लक्ष्मीच्या मुकुटाची आठवण व्हावी.

लाखेच्या काही अडचणी आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. पाण्याचा थेंब तिच्यावर राहिला तर पांढरा डाग उमटतो. बॉलपेनची शाई स्पिरिटने पसरते, त्यामुळे त्या शाईने काही लिहिले असेल तर हा हात देऊ नये. भिजवलेली लाख सहा महिन्यांहून जुनी झाली की नीट वाळत नाही, तेव्हा लागेल तेवढीच भिजवावी. स्पिरिट विषारी आहे आणि त्याची वाफ पेट घेते, म्हणून हे काम खिडक्या उघड्या ठेवून, देव्हाऱ्यातल्या समईपासून आणि गॅसपासून दूरच करावे. तयार तसबिरीजवळ तेलाचा दिवा ठेवू नये; मी एलईडीच्या माळा वापरते. मैद्याच्या खळीचाही विचार मी केला होता, परंतु पुस्तके बांधणारे जुने कारागीर तिच्यात कसर लागू नये म्हणून विषारी मोरचूद घालत, आणि घरात तीन वर्षांची नात असताना तो मार्ग मला पटला नाही.

खर्चाचा हिशेब मी वहीत मांडला आहे. 100 ग्रॅम चपडा आणि अर्धा लिटर स्पिरिट मिळून मला 310 रुपये पडले, आणि त्यातला निम्म्याहून अधिक माल शिल्लक आहे. या 310 रुपयांत बाराही तसबिरींचे दोन संच पक्के होतील. दुसरीकडे, केवळ चिकटवण्यासाठी साधा पांढरा गोंद दोन भाग आणि पाणी एक भाग असे मिसळून मी या दिवाळीत चार नव्या तसबिरी केल्या; त्यात आणि 580 रुपयांच्या द्रवात चिकटण्याच्या बाबतीत मला फरक आढळला नाही. वाळल्यावरचा मॅट पोत तेवढा महागड्या बाटलीचा अधिक देखणा असतो, परंतु वरून लाख येणार असेल तर त्या पोताचा काही उपयोग नाही. म्हणून चौथी बाटली मी घेणार नाही. नागपूर किंवा सोलापूरसारख्या कोरड्या हवेच्या ठिकाणी राहणाऱ्या आणि वस्तू भिंतीवर टांगूनच ठेवणाऱ्या व्यक्तीला मी ती घेऊ नका असे सांगणार नाही. मुंबई, ठाणे, कोकण आणि गोवा येथील वाचकांना मात्र स्पष्टपणे सांगेन.

तिसरी बाटली मी आता उघडली आहे आणि ती फक्त गोंद म्हणून संपवत आहे. वाचलेल्या नऊ आणि नव्या चार अशा तेरा तसबिरींवर लाखेचे तीन हात दिले, दोन आठवडे मोकळ्या ठेवल्या, आणि या वेळी प्लास्टिकऐवजी प्रत्येकीला धुतलेल्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून उभ्या रचल्या आहेत, म्हणजे एकीचे वजन दुसरीवर येणार नाही. पेटी माळ्यावर न ठेवता कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवली आहे. उसवलेल्या जरीचे दोन तुकडे लिफाफ्यात ठेवले आहेत, ते कोठेही चिकटवलेले नाहीत. जुलैच्या शेवटी पेटी उघडेन आणि काही चिकटलेले आढळले तर याच मजकुराखाली भर घालीन.