स्टीम-हाइव्हवर व्होट विकत घ्यायचं, पॉवर भाड्याने द्यायची, का गपगुमान लिहीत राहायचं?

परवा एका मित्राने विचारलं, अरे तू स्टीमवर लिहायचास ना, माझ्याकडे थोडे हाइव्ह पडलेत आणि पोस्टला काळं कुत्रं विचारत नाही, तर सरळ व्होट विकत घेऊन टाकू का? फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितोय. स्टीम आणि त्यातूनच फुटून निघालेलं हाइव्ह म्हणजे ब्लॉकचेनवरच्या लिहायच्या जागा, पोस्टला व्होट पडले की त्याच नावाची क्रिप्टो नाणी मिळतात.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा, इथे माणशी एक मत असलं काही नाहीये. ज्याची पॉवर, म्हणजे लॉक करून ठेवलेली नाणी, जास्त त्याचं मत जड. रिवॉर्डचा पूल सगळ्यांना मिळून एकच, त्यामुळे मी पैसे टाकून माझ्या पोस्टवर पाच डॉलर जास्त चढवले तर ते बाकीच्यांच्या ताटातूनच आले.

बॉटकडून व्होट, म्हणजे पैसे घेऊन आपोआप व्होट देणाऱ्या अकाउंटकडून. २०१८ मध्ये याचा नुसता सुळसुळाट होता. एक पूर्ण व्होट दिलं की व्होट द्यायची ताकद २ टक्के उतरते, दिवसाला २० टक्के भरून येते, म्हणजे २.४ तासांनी बॉट परत फुल्ल, म्हणून दर २.४ तासांनी राउंड. आपण मेमोमध्ये (पैसे पाठवताना जोडायच्या चिठ्ठीत) पोस्टची लिंक टाकून पैसे पाठवायचे आणि त्या राउंडमध्ये जेवढे लोक घुसले तेवढ्यांत बोलीच्या प्रमाणात व्होट वाटलं जायचं. मी एकदा शेवटची दहा मिनिटं उरली असताना बोली लावली, हिशोबात चक्क फायदा दिसत होता, आणि शेवटच्या मिनिटाला दोन मोठ्या बोल्या येऊन पडल्या. शेअर रिक्षात ऐसपैस बसावं आणि निघताना दोन जाडजूड पाहुणे चढावेत तसं झालं. बरं दिले ते रोख, आले ते सात दिवसांनी, त्यातले अर्धे पॉवरमध्ये, आणि ती पॉवर सोडवायला १३ आठवडे हप्त्याहप्त्याने. वाचक किती मिळाले? दोन, दोघांचीही कमेंट "छान पोस्ट", आणि एकाने खाली स्वतःची लिंक चिकटवलेली.

२७ ऑगस्ट २०१९ च्या हार्डफोर्कने, म्हणजे ब्लॉकचेनचे नियमच बदलणाऱ्या अपडेटने, गणितच बदललं. आधी लेखकाला ७५ टक्के आणि व्होट देणाऱ्यांना २५ होते, आता निम्मे-निम्मे. म्हणजे १० डॉलरच्या व्होटमागे लेखकाच्या हातात ७.५० यायचे ते आता ५, त्यामुळे ५ च्या वर मोजलेत की तोटा पक्का. दुसरं म्हणजे डाऊनव्होटचा (पोस्टची कमाई कमी करणाऱ्या उलट्या मताचा) वेगळा कोटा आला. पूर्वी डाऊनव्होट द्यायला स्वतःच्याच व्होटची ताकद जाळावी लागायची, मग कोण कशाला भानगडीत पडेल? आता कोट्यापुरतं फुकटात देता येतं, त्यामुळे विकतचं व्होट दिसलं की एखादा व्हेल, म्हणजे भरपूर पॉवरवाला, येऊन ते साफ करून जातो आणि तुम्ही दिलेले पैसे काही परत येत नाहीत.

डेलिगेशन. पॉवर तुमच्याच नावावर राहते, फक्त वापरायला दुसऱ्याला द्यायची, परत मागितली की पाच दिवसांनी मिळते. घेणारा त्या बदल्यात रोजचं भाडं देतो किंवा तुमच्या पोस्टला व्होट देतो. स्टीमवर पुढे हाच प्रकार जोरात चालला. सोपं आहे, नाही म्हणत नाही, पण पोस्टमध्ये दोन ओळी असोत का दोन हजार शब्द, व्होट तेवढंच, मग हळूहळू लोक लिहायचंच सोडतात आणि रोज फक्त पोस्ट "टाकतात". भाडंच हवं असेल तर रोख भाडं घ्या, व्होट नको.

हाताने, म्हणजे स्वतः वाचून व्होट देणं-मिळवणं. २० मार्च २०२० ला हाइव्ह वेगळं झालं, ट्रॉन या क्रिप्टोच्या जस्टिन सनने स्टीमची मूळ कंपनी स्टीमिट घेतल्यावर जी मारामारी झाली त्यातून. तिथे विकतच्या व्होटवर लोकांचा डोळा असतो, डाऊनव्होट खरोखर पडतात. पहिल्या २४ तासांत कधीही व्होट द्या, क्युरेशनचा (व्होट देणाऱ्याला मिळणाऱ्या वाट्याचा) हिशोब सारखाच, त्यामुळे घड्याळ लावून बसायला नको. कम्युनिटी शोधा, दिवसाला दहा पूर्ण व्होट नीट वाचून द्या, कमेंट करा. पहिले दोन-तीन महिने चहाचेही पैसे सुटणार नाहीत, कारण दोन सेंटच्या आतलं पेआउट शून्यच धरतात आणि नवीन चार मित्रांची व्होटं मिळून तेवढीही होत नाहीत. हे न्याय्य आहे का? पूर्ण नाही, व्हेलची मेहेरबानी लागतेच, पण निदान कुणीतरी वाचून मत देतं.

यूट्यूबची तुलना लोक करतात म्हणून एवढंच सांगतो, तिथे जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास बघणं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज) लागतं, आणि विकतच्या लाइकमधून थेट पैसा बनतच नाही.

आणि हो, भारतात असाल तर २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरळ ३० टक्के टॅक्स, एकीकडचा तोटा दुसरीकडे वजा करता येत नाही.

मित्राला मी सांगितलं, निम्मे हाइव्ह डेलिगेट करून रोख भाडं घे, निम्मे स्वतःकडे ठेवून व्होट दे, आणि बॉटच्या नादी लागू नकोस. तर म्हणतो, "बरं, पण एकदा पाच डॉलरचं ट्राय करून बघू का?"